मागची सीट

“ही मागची सीट काढून टाक बघू,” अप्पा म्हणाले. “उगीच ओझं.”

मी गाडीखाली उताणी पडले होते. अंगात नवऱ्याचा जुना लेंगा-शर्ट, केसांना फडकं, नाकावर ग्रीसचा ठिपका. माझ्या सासऱ्यांची मला फक्त पावलं दिसत होती आणि धोतराचा काठ. पावलं अधीर झाली होती. एकदा टाचेवर, एकदा चवड्यावर.

“अप्पा, सीट काढून कितीसा फरक पडणार?”

“पडणार म्हणजे? पडतोच! तूच म्हणालीस ना, गाडी जितकी हलकी तितकी चढाला बरी? मग? पुढं तू, शेजारी मी. मागं कोण बसणार आहे? साथीला तबला-पेटी त्या गावचीच असते. काढ, काढ.”

माझे सासरे म्हणजे कीर्तनकार अनंतबुवा म्हैसाळकर. मिरजेच्या आसपासच्या चार तालुक्यांत त्यांचं नाव होतं. मी लहानपणापासून कीर्तनवेडी. आई सांगायची, पाळण्यात रडायला लागले की झांज वाजवली तरच गप्प बसायची. त्यामुळे असा सासरा मिळाला म्हणून मी देवाचे आभार मानत होते, आणि अशी सून मिळाली म्हणून माझ्या सासूबाई कपाळाला हात लावत होत्या.

त्याला कारण ही गाडी. माझ्या वडिलांचं इचलकरंजीत गॅरेज. लग्न ठरल्यावर त्यांनी विचारलं, बांगड्या कशा करू? मी म्हटलं, बांगड्या नकोत, ती कोपऱ्यातली कॉन्टेसा द्या. एका सूतगिरणीवाल्या शेटजींनी नवी गाडी घेतल्यावर बाबांना देऊन टाकलेली. लांबलचक बोनेट, रुंद छाती, पुढं चार गोल दिवे. तालमीतून नुकताच अंग पुसत बाहेर आलेला पैलवानच. पण वयानं इंजिन पार थकलेलं. चढ दिसला की मान टाकायचं. माझं वऱ्हाड सासरी आलं त्याच्या मागोमाग ती गाडी टेम्पोला बांधून आली. गाय विकल्यापासून रिकाम्या पडलेल्या गोठ्यात तिला ढकलत नेली, तेव्हा सगळी गल्ली बघायला लोटली होती.

“सून आली का गॅरेज आलं?” सासूबाई म्हणाल्या होत्या.

त्यांचं नाव द्वारकाबाई. मी त्यांना आई म्हणायची. बोलायला तिखट, हाताला गोड. नवरा माझा कोयनेच्या वीजकेंद्रात, शनिवार-रविवारी उगवायचा. बाकी दिवस घरात आम्ही तिघंच आणि ती गाडी.

बाबांनी एका अपघातातल्या मोठ्या गाडीचं धडधाकट इंजिन मिळवलं होतं. गोठ्याच्या तुळईला साखळी-पुली लावून आम्ही जुनं वर ओढलं, नवं खाली सोडलं. आईंनी दारात उभ्या राहून सगळं पाहिलं आणि मग निकाल दिला.

“रामनवमीपर्यंत. त्या दिवशी ह्यांना कळंबटेकावर वेळेत पोचवलं, तर गाडी राहील. नाही तर त्याच दिवशी भंगारवाला रसूलभाई येऊन घेऊन जाईल. मी त्याला टेम्पो घेऊन यायला सांगून ठेवलंय. मला गोठ्यात पापड वाळवायचेत.”

आता कळंबटेक काय प्रकरण, ते सांगते. डोंगरावरचं गाव, तिथं रामाचं देऊळ. माझ्या नवऱ्याच्या जन्माआधीपासून रामजन्माचं कीर्तन तिथं अप्पांचं. पण एसटी वर जायची बंद झालेली. पायथ्यापासून घाट चढून जायचा, आणि अप्पांचे गुडघे आता नको म्हणत होते. “यंदा जमायचं नाही म्हणून कळवून टाकतो,” असं ते एकदा जेवताना बोलले, आणि पुढचा घास तसाच हातात राहिला. तो हातातला घास मला बघवला नाही. म्हणून मी म्हटलं, मी नेते तुम्हाला. माझ्या गाडीतून. आई जोरात हसल्या, आणि इंजिन बसलं त्या दिवशी गोठ्याच्या दारात ती अट घातली.

तर सीट काढली. चार बोल्ट, दोन पट्ट्या, आणि अख्खी सीट उचलून मी भिंतीला टेकवून ठेवली. अप्पांनी स्वतः हात लावला. गुडघे दुखत असताना! इतका उत्साह मी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता.

आई चहा घेऊन आल्या. गाडीच्या मागच्या खिडकीतून आत पाहिलं.

“सीट कुठं गेली?”

“काढली,” अप्पा घाईघाईनं म्हणाले. “वजन, अगं. शास्त्र आहे त्याला.”

“अस्सं,” आई म्हणाल्या. कप ठेवला आणि गेल्या. चहात त्या दिवशी साखर नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गोठ्यात आले, तर आई त्या सीटवर मांडी घालून वाती वळत बसलेल्या.

“इथं वारा छान येतो,” त्या म्हणाल्या.

गोठ्यात वारा येत नव्हता. तिथं फक्त पेट्रोलचा वास येत होता. त्यानंतर त्या रोज तिथंच बसायला लागल्या. कधी वाती, कधी तांदूळ निवडणं. तोंड चालूच. “तो बोल्ट वाकडा बसतोय.” “तुझ्या बाबांनी हेच शिकवलं का?” “अगं, हळू पिळ, धुणं आहे का ते?” सीटच्या स्प्रिंगवर मधूनच किंचित उसळून बघायच्या. मी पाहिलं की लगेच तांदळात डोकं.

मग बोनेटची पंचाईत झाली. नवं इंजिन उंच. बोनेट लागेना. मधोमध पत्रा गोल कापला, तर इंजिनाचं डोकं त्यातून वर आलं. त्यावर काहीतरी टोपण पाहिजे, फुगीर, मजबूत. मी पत्र्याचे तुकडे ठोकून पाहिले, एकही धड आकार घेईना.

आई उठल्या, घरात गेल्या, आणि त्यांची पितळी परात घेऊन आल्या. लग्नातली.

“घे. काठाला चिरलीय. मोडीतच जायची होती.”

मी परात उलटी करून भोकावर ठेवली. काय सांगू, मापानं करून घेतल्यासारखी बसली! दहा नट-बोल्टांत आवळली. बोनेटवर एक झळझळीत पितळी टेंगूळ. त्याच्या काठावर कोरलेली अक्षरं होती: ‘चि. सौ. कां. द्वारका हिस माहेरकडून’.

“आता काळा रंग मारते,” मी म्हटलं.

“रंग नाही मारायचा,” आई म्हणाल्या. “नाव झाकायचं नाही.”

संध्याकाळी अप्पांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. आजूबाजूला बघून माझ्या कानाशी आले.

“बाळ, तेवढं नाव घासून काढता येईल का गं?”

“का अप्पा? किती छान दिसतंय!”

“नाही, म्हणजे... गावात लोक वाचतात.”

“वाचू देत की!”

“हं,” अप्पा म्हणाले, आणि उपरण्यानं कपाळ पुसलं.

मला तेव्हा काहीच कळलं नाही. मी माझ्या आनंदात. कारण त्याच संध्याकाळी मी पहिल्यांदा किल्ली फिरवली. आधी एक खोकला, मग एक गुरगुर, आणि मग गोठ्याच्या कौलांवरची धूळ एकदम खाली आली. अहाहा! तो आवाज! सायलेन्सर मीच केलेला, जाड नळीचा, मोकळ्या छातीचा. शेजारच्या मांजरानं उंबराच्या झाडावर उडी मारली. समोरचे निवृत्त मास्तर दाढीचा फेस तोंडाला तसाच घेऊन बाहेर आले. आणि अप्पा? अप्पांनी डोळे मिटले, मान हलवली, आणि इंजिनाच्या लयीवर टाळ्या वाजवायला लागले. “धरला! ठेका धरला गं हिनं! असा तबलजी मला जन्मात मिळाला नाही!” मी गाडीतून उतरून त्यांच्याभोवती फुगडीसारखी गिरकी घेतली. ग्रीसच्या हातांनी. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर माझ्या बोटांचे ठसे उमटले. आई सीटवरून म्हणाल्या, “तो सदरा आता कीर्तनाला नाही चालायचा,” पण त्यांचा एक पाय हलत होता. लयीत.

रामनवमी उजाडली. रामजन्म बरोबर बाराला, म्हणजे कीर्तन निदान दीड तास आधी उभं राहायला हवं. नारदीय कीर्तनाचं असंच असतं. आधी पूर्वरंग, म्हणजे निरूपण. मग बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. मग उत्तररंगात आख्यान. रामजन्म काही बुवांसाठी थांबत नाही. आम्ही सकाळी आठला निघणार होतो.

अप्पा पगडी, उपरणं, झांज घेऊन तयार. मी गाडी अंगणात काढली. आणि घरातून आई आल्या. जरीच्या काठाची जांभळी साडी, नाकात नथ, हातात पिशवी. त्यांनी गोठ्याकडे बोट दाखवलं.

“ती सीट बसव.”

सीटला नवं कव्हर होतं. खणाचं. त्यांच्या जुन्या चोळ्यांचे खण जोडून शिवलेलं, रंगीबेरंगी, काठाला दुहेरी टाका. कधी शिवलं होतं कोण जाणे.

“तू? येतेस?” अप्पांचा आवाज चिरकला.

“का? रामाचा जन्म मी बघायचा नाही?”

“तसं नव्हे... धूळ असते गं. गर्दी. बायकांना बसायला धड जागा नसते तिथं. मी तुला दरवर्षी सांगतो की नाही?”

“दरवर्षी सांगता. आधी मुलं लहान, मग गाय, मग सासूबाई आजारी, मग शेवटची एसटी लवकर सुटते. आता मुलं मोठी, गाय विकली, आणि गाडी दारात आहे.”

“पण वजन वाढेल! घाट आहे!”

“कुणाचं वजन? माझं का सीटचं?”

मी पाना घेतला. सीट आत सरकवली. चौथा बोल्ट काही केल्या आट्यात बसेना. आई वाकून टॉर्च धरून उभ्या. वेळ चाललेला.

“अहो,” त्या मान न वळवता म्हणाल्या, “नुसते उभे राहू नका. दाराला कुलूप लावा आणि किल्ली मला द्या.”

“लावतो, लावतो.”

अप्पा गेले, आले, किल्ली दिली. आईंनी ती पदराच्या टोकाला बांधली. बोल्ट बसला. आई मागं बसल्या आणि एकदा, फक्त एकदा, स्प्रिंगवर उसळल्या.

“चल,” म्हणाल्या.

सपाट रस्त्यावर तर विचारूच नका. द्राक्षांच्या बागा दोन्ही बाजूंनी पळत होत्या. एसटीला मागं टाकलं तेव्हा कंडक्टर खिडकीतून अर्धा बाहेर आला. आईंनी त्याला हात हलवला. अप्पा मात्र उपरण्याचं टोक पिळत बसलेले. मला वाटलं, कीर्तनाची उजळणी करतायत.

घाट लागला. पहिली दोन वळणं गाडीनं हसत घेतली. तिसऱ्यानंतर तापमानाचा काटा चढायला लागला. मोठं इंजिन, आणि रेडिएटर जुन्याच मापाचा! थांबलो तर निवायला अर्धा-पाऊण तास, मग रामजन्म गेला, गाडी गेली, गोठ्यात पापड.

“अप्पा, आई, खिडक्या पूर्ण उघडा. मी हिटर लावतेय.”

“काय लावतेयस?” अप्पा ओरडले.

“हिटर! इंजिनाची उष्णता आपल्या अंगावर घ्यायची, म्हणजे इंजिन निवतं!”

“अगं चैत्र आहे! मी रेशमी उपरणं घातलंय!”

“लाव गं,” मागून आई म्हणाल्या. “ह्यांना जरा घाम फुटू दे.”

लावला. पायांवर भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ आली. अप्पांची पगडी मांडीवर, पंचा डोक्यावर, तोंडानं अखंड रामनाम. त्या रामनामात इतकी कळकळ होती, की प्रत्यक्ष देवळात ऐकली नसती. आई पिशवीतल्या तांब्यातलं पाणी पुढं हात करून आळीपाळीनं आम्हा दोघांच्या डोक्यावर शिंपडत होत्या आणि हसत होत्या. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलंच नव्हतं. काटा थबकला. थरथरला. मग एकेक रेघ खाली आला. शेवटच्या वळणावर मी ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीनं अशी डरकाळी फोडली, की देवळासमोर ताशा वाजवणाऱ्यांनी ताशा खाली ठेवला.

वेळेत पोचलो होतो. मी स्टिअरिंगलाच नमस्कार केला.

गावानं बुवांना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. पोरं बोनेटवरची परात वाचत होती, “द्वा-र-का!” अप्पांनी ते ऐकलं आणि भराभर देवळात शिरले. आम्ही दोघी बायकांत बसलो. आई अगदी पुढं.

अप्पा उभे राहिले. झांज वाजली. मी मिरजेत त्यांची कितीतरी कीर्तनं ऐकली होती. कडक, सोवळी, शास्त्रशुद्ध. पण इथं लोक आधीपासूनच गालात हसत बसलेले. मला नवल वाटलं.

आईंच्या शेजारच्या म्हातारीनं त्यांना कोपरानं ढोसलं.

“पयल्यांदा आलासा?”

“होय की.”

“मग आता मजा ऐका. ह्या बुवांची बायको लई येडी हाय.”

आईंनी मान वळवली. “अस्सं? काय करते?”

“काय करत न्हाई ते इचारा! दर वर्साला येक गोष्ट सांगत्यात. ‘आमच्या कुटुंबानं असं केलं, आमच्या कुटुंबानं तसं केलं.’ हसून हसून प्वाट दुखतंय. पर कुलपाची गोष्ट लई भारी. त्येच्याबिगर कीर्तान न्हाई.”

माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. मागची सीट. घासायचं नाव. धूळ, गर्दी, बायकांना जागा नसते. अरे देवा! मी अप्पांकडे पाहिलं. अप्पा पुढच्या रांगेकडे न बघता, वर छताकडे बघून निरूपण करत होते. जड, कोरडं, संस्कृतानं भरलेलं. कुटुंबाचं नाव नाही. लोक चुळबुळायला लागले.

“बुवा, कुलूप!” खांबापाशी बसलेला एक म्हातारा ओरडला.

“कुलूप! कुलूप!” पोरांनी उचलून धरलं.

“यंदा वेळ कमी आहे,” अप्पा म्हणाले. “रामजन्म...”

“सांगा की बुवा,” पुढच्या रांगेतून खणखणीत आवाज आला. “आम्ही लांबून आलोय.”

अप्पांनी पाहिलं. आई हात जोडून बसल्या होत्या. चेहरा भक्तीनं ओथंबलेला.

आता काय करतील? कीर्तनकाराला व्यासपीठावर उभं राहून मागं फिरता येत नाही. अप्पांनी झांज सावरली आणि सुरुवात केली. आमचं कुटुंब एकदा परगावी निघालं. दाराला कुलूप लावलं, कोपऱ्यापर्यंत गेलं, परत येऊन ओढून पाहिलं. पुन्हा गेलं, पुन्हा आलं. शेवटी एसटीत बसल्यावर म्हणतं कसं, आता काळजी नाही! कुणी तोडील म्हणून कुलूपच काढून पिशवीत घेतलंय! आणि दार? दार सताड उघडं! “अहो, हसताय काय? आपण तरी काय वेगळं करतो? माळ गळ्यात सांभाळतो, टिळा कपाळाला सांभाळतो, आणि मनाचं दार उघडंच टाकून जातो!”

देऊळ हसण्यानं दणाणलं. म्हातारीनं आईंच्या मांडीवर थाप मारली. आणि सगळ्यात जास्त कोण हसत होतं? आई! नथ हलत होती. हसता हसता त्या उठून उभ्या राहिल्या.

“बुवा, एक शंका आहे.”

सगळ्यांच्या माना आईंकडं वळल्या.

“त्या दिवशी दाराला कुलूप लावायचं काम कुणाकडं होतं?”

तबलजीचा हात हवेतच थांबला. म्हातारी एकदा आईंकडे, एकदा बुवांकडे बघायला लागली आणि तिचा हात हळूच तोंडावर गेला.

आणि मग अप्पांनी जे केलं, त्यासाठी मी त्यांच्या पाया पडायला तयार होते. त्यांनी पगडी काढली. हात जोडले.

“श्रोतेहो, इतकी वर्षं तुम्ही ज्या वेडीला हसलात, ती आमचं कुटुंब नव्हतं. तो वेडा तुमच्यापुढं उभा आहे. कुलूप माझ्या पिशवीत निघालं होतं. आमचं कुटुंब बिचारं पुढच्या थांब्यावर उतरून चालत घरी गेलं, आणि दारात बसून राहिलं.”

असं म्हणून त्यांनी घाम पुसायला सदऱ्याच्या खिशात हात घातला. रुमाल बाहेर आला. आणि त्याच्याबरोबर आणखी एक वस्तू. खण्ण् करून फरशीवर पडली आणि घरंगळत आईंच्या पायाशी आली.

पितळी कुलूप. आमच्या घराचं. आज सकाळचं.

आईंनी पदराची गाठ चाचपली, किल्ली पाहिली, कुलूप पाहिलं. मग तबलजीला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं एक जोरदार ‘धा’ मारला. आणि मग देऊळ फुटलं! लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. खांबापाशी बसलेला म्हातारा खांबालाच मिठी मारून रडत होता. पुजारी हार घेऊन आला तो हसण्याच्या भरात हार आईंनाच घालून गेला.

उत्तररंग अप्पांनी त्या दिवशी असा केला, की मी आजही डोळे मिटले की ऐकू येतो. ओझं उतरलेला माणूस गातो तसा. बाराला गुलाल उधळला, पाळणा हलला, सुंठवडा हातावर आला. आईंनी पाळण्याची दोरी ओढली, आणि दोरी दुसरीच्या हातात देता देताच मला डोळ्यांनी खुणावलं.

“चल. घर उघडं आहे.”

येताना आई पुढं बसल्या. अप्पा मागं, खणाच्या कव्हरवर, मांडीवर पगडी.

“हाण, उज्ज्वला!” आई म्हणाल्या. “बघू तुझं इंजिन!”

मी हाणली. उताराला, सपाटीला, बागांमधून. वळणावर आई आणि अप्पा एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. “अगं, हळू!” मागून. “हळू कशाला?” पुढून. मध्येच अप्पा म्हणाले, “सीट बरीक मऊ आहे हो.”

“असू दे,” आई म्हणाल्या. “आता तुमची जागा तीच.”

गल्लीत शिरलो. दारात टेम्पो उभा. आमच्या उंबऱ्यावर रसूलभाई भंगारवाला मांडी घालून बसलेला, हातात काठी, मांडीवर शेजारचं मांजर. दार पाठीमागं सताड उघडं.

“वैनी!” तो उठला. “सकाळधरनं बसलोय. गाडी न्यायला आलो, तर दार उघडं, आत माणूस नाही. असं टाकून जाणार कसा? दोन कुत्री आली, हाकलली. हे मांजर तेवढं दुधावर गेलं.”

आईंनी त्याच्या हातावर सुंठवडा ठेवला. आत जाऊन चहा टाकला, साखर घालून. त्यानं कप रिकामा केला. मग चाचरत बोनेटवरच्या परातीकडं पाहिलं.

“मग वैनी, गाडी?”

“गाडी नाही मिळायची,” आई म्हणाल्या.

“म्हणजे माझा दिवस फुकट?”

“फुकट कसा?” त्यांनी अप्पांपुढं हात पसरला. अप्पांनी देवळातून उचलून आणलेलं कुलूप खिशातून काढून दिलं. आईंनी ते रसूलभाईच्या ओंजळीत टाकलं, पदराची गाठ सोडून किल्लीही त्यावर ठेवली. “हे ने. चांगलं पितळ आहे.”

“अगं,” अप्पा म्हणाले, “मग आपण गेल्यावर दाराला काय लावायचं?”

“रसूलभाईला बसवू.”

रसूलभाई हसला, कुलूप खिशात टाकून टेम्पोकडं गेला. मी गाडी गोठ्यात घ्यायला निघाले, तर आईंनी हातानं थांबवलं. मागचं दार उघडून त्या खणाच्या सीटवरची धूळ पदरानं झटकत होत्या.

“काय हो,” त्यांनी आत वाकूनच विचारलं, “हनुमानजयंतीचं कीर्तन कुठं आहे तुमचं?”

अप्पांनी गावाचं नाव सांगितलं. अगदी हळू.

“आणि तिथं मी काय केलेलं असतं?”

अप्पांनी उपरणं तोंडावर ओढून घेतलं.